किती घेतले, किती दिले, किती राहिले?

आमच्या अब्बांचं सोलापुरात शिवणकामाचं छोटं दुकान आहे. गल्ल्याच्या खाली एक लाल पाठीची लांबट वही असते. गिऱ्हाईक आलं की माप, तारीख, किती आगाऊ दिले, किती बाकी, सगळं त्या वहीत उतरतं. अब्बांची शाळा सातवीत सुटली, पण त्या वहीत आजवर कुणाशी भांडण झालं नाही. उधारी मागायची वेळ आली की ते आवाज चढवत नाहीत, वही पुढे करतात.

मी मात्र बी.कॉम. झाले. २०२१ साली पदवी घेतली आणि पुण्यात एका कंपनीत लोकांच्या पगारपत्रकांचं काम करू लागले. दुसऱ्यांच्या पगारातला एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. स्वतःच्या कार्डाचा हिशेब मात्र वर्षभर उघडून पाहिला नाही. हा लेख त्या वर्षाबद्दल आहे. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. कारण माझ्या वयाच्या ज्या दोन-चार मैत्रिणींना हे सांगितलं, त्यातल्या प्रत्येकीने आधी दार लावलं आणि मग आपलंही तसंच सांगितलं.

धाकट्या भावाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. फीचे चाळीस हजार दोन दिवसांत भरायचे होते. माझ्याकडे मॉलमधल्या टेबलावर घेतलेलं ‘आयुष्यभर मोफत’ कार्ड होतं. मी ते चालवलं. घरी सांगितलं, ‘मी भरले.’ अम्मी रडली, अब्बांनी डोक्यावर हात ठेवला. खरं तर मी भरले नव्हते, बँकेने भरले होते.

पुढच्या महिन्यात बिल आलं. त्यावर दोन आकडे होते. एक चाळीस हजारांचा आणि दुसरा ‘किमान देय रक्कम’ म्हणून दोन हजारांचा. दोन हजार मला जमण्यासारखे होते. मी दर महिन्याला दोन हजार, न चुकता, तारखेच्या आत भरत गेले. मला वाटायचं, मी फार शिस्तीत आहे.

वर्षाने ईदला घरी आले. फोनवर बिलाचा मेल आला आणि माझा चेहरा अब्बांनी पाहिला. सगळं सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. गिऱ्हाइकाला विचारतात तेच तीन प्रश्न त्यांनी मला विचारले, ‘कित्ते लिए, कित्ते दिए, कित्ते बाकी?’ पहिल्या दोहोंची उत्तरं मला येत होती. चाळीस हजार घेतले, चोवीस हजार दिले. ‘मग सोळा राहिले,’ अब्बा म्हणाले. मी फोन त्यांच्यापुढे धरला. बाकी चौतीस हजार सातशेच्या घरात होती.

त्या रात्री मापाच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी हिशेब मांडला. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे ते बेचाळीस टक्के होतात. शिवाय कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो. म्हणजे चाळीस हजारांवर पहिल्या महिन्याचं व्याज १,४०० रुपये आणि त्यावर कर २५२ रुपये, मिळून १,६५२. मी भरलेल्या दोन हजारांपैकी कर्जात गेले फक्त ३४८. वर्षभरात भरलेल्या चोवीस हजारांपैकी मुद्दल उतरलं सव्वापाच हजारांच्या आसपास. बाकीचे पावणेएकोणीस हजार व्याज आणि करात गेले. याच चालीने भरत राहिले असते तर चाळीस हजार फेडायला साडेतीन वर्षांच्या वर लागले असते आणि खिशातून एकूण शहाऐंशी हजार गेले असते.

हे आकडे पाहून अब्बा बराच वेळ गप्प बसले. का, ते मला माहीत होतं. दरवर्षी ते बँकेत जाऊन पासबुक छापून आणतात, बचत खात्यावर जमा झालेल्या व्याजाच्या नोंदीखाली रेघ मारतात आणि तेवढी रक्कम सवाबाची नियत न करता बाहेर देऊन टाकतात. कधी मोहल्ल्यातल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला, कधी कुणाच्या औषधाला. त्या वर्षी ती रक्कम ४१२ रुपये होती. त्याच वर्षी त्यांच्या लेकीने पावणेएकोणीस हजार भरले होते, आणि ती दर महिन्याला आनंदाने भरत होती.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. व्याज या विषयावर आपल्या घरांत एकच वाक्य बोललं जातं, ‘हराम आहे.’ त्यापुढे चर्चा होत नाही. ज्यांना ते वाक्य पटतं त्यांनाही आणि ज्यांना पटत नाही त्यांनाही मी विचारते, त्या वाक्याने आपल्याला व्याजापासून वाचवलं का? घ्यायच्या व्याजाबद्दल आपण इतके सावध आहोत की चारशे रुपयांखाली रेघ मारतो. द्यायच्या व्याजाची मात्र ओळखच करून दिलेली नसते. ते ‘किमान देय’, ‘सोपे हप्ते’, ‘नो कॉस्ट ईएमआय’, ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ अशा नावांनी येतं आणि आपण दार उघडतो. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची देवघेव लिहून ठेवायला सांगितलं आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. लिहिण्याचं काम मात्र आपण बँकेवर सोपवलं आहे.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंच घ्या. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट कळवलं होतं. व्याज कुठेतरी असतंच. एक तर रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, नाहीतर तेवढीच सूट आधी दाखवून मग हप्त्यांत व्याज लावलं जातं. कार्डावरच्या अशा हप्त्यांत व्याजाच्या भागावर जीएसटी भरावा लागतो आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्कही. त्यामुळे दुकानात आधी एवढंच विचारा, ‘आत्ता रोख दिले तर किती?’

कार्डाचं गणित सोपं आहे आणि कॉलेजच्या तीन वर्षांत ते मला कुणी शिकवलं नाही. पूर्ण बिल तारखेच्या आत भरलं तर खरेदीवर व्याज नाही. एक रुपया जरी मागे ठेवला तरी बिनव्याजी मुदत जाते. मग जुन्या बाकीवर व्याज लागतंच, पण नव्या खरेदीवरही ती केल्या दिवसापासून लागतं. कार्डाने एटीएममधून रोकड काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच नसते. व्याज त्याच दिवसापासून आणि वर वेगळं शुल्क. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो माझ्या बिलावरही छापलेला होता. मी ते बिल कधी खालपर्यंत वाचलंच नाही.

एवढ्या व्याजाला काही मर्यादा नाही का, असं अब्बांनी विचारलं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने आयोगाचा तो निकाल रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, असं न्यायालयाने सांगितलं. रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या व्याजाला आकड्यात कमाल मर्यादा घातलेली नाही. म्हणून दर पाहण्याची जबाबदारी सध्या आपलीच आहे. कार्ड देताना ‘सर्वांत महत्त्वाच्या अटी’ नावाचं पत्रक द्यावंच लागतं. व्याजाचा दर त्यातच असतो. सही करण्याआधी ते मागून घ्या.

आता बँकेच्या शुल्कांबद्दल. कार्डाचा धक्का बसल्यावर मी माझी सगळी खाती तपासली. कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं विद्यार्थी खातं होतं. त्यात शिल्लक ठेवायची अट नव्हती. पदवीनंतर ते साध्या बचत खात्यात बदललं गेलं आणि किमान शिलकीची अट लागू झाली. खात्यात अठराशे रुपये होते. ते दंडात संपले. एवढंच नाही, खातं बंद करायला गेले तर सांगण्यात आलं की खात्यात उणे १,४१६ रुपये आहेत, आधी ते भरा. मी पर्समध्ये हात घातलासुद्धा होता.

तेवढ्यात शेजारच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘ताई, असं उणे करता येत नाही. नियम विचारा.’ मी घरी येऊन शोधलं. रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक सापडलं, एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. शिल्लक कमी झाली तर बँकेने ग्राहकाला कळवायचं, भरपाई करायला एक महिना द्यायचा, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात घ्यायचा आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होऊ द्यायचं नाही. मी चार ओळींचा ईमेल लिहिला, परिपत्रकाची तारीख टाकली आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवला. दहा दिवसांत उणे रक्कम काढून टाकली गेली आणि खातं बंद झालं. अठराशे रुपये परत मिळाले नाहीत. ‘शिल्लक कमी आहे’ असे एसएमएस बँकेने पाठवले होते आणि ते योग्य नंबरवर गेलेही होते. फक्त तो नंबर माझा नव्हता, मोठ्या भावाचा होता.

या नंबरवर जरा थांबूया, विशेषतः बहिणींसाठी. अकरावीत खातं काढताना माझ्याकडे फोन नव्हता, म्हणून भाईजानचा नंबर दिला. पुढे पदवी झाली, नोकरी लागली, फोन आला, पण तो नंबर तसाच राहिला. बँकेचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे जायचा आणि तो जाहिरात समजून पुसून टाकायचा. त्याचा काही दोष नाही. पण ज्या खात्याचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येतो, ते खातं कागदावर तुमचं असलं तरी व्यवहारात तुमचं नसतं. किती घरांत मुलींची, अम्मींची, खालांची खाती अशीच आहेत! पदवीची गुणपत्रिका हातात आली की त्याच आठवड्यात बँकेत जाऊन स्वतःचा नंबर आणि ईमेल नोंदवा. भांडायची गरज नाही, एक फॉर्म भरायचा असतो.

खाती कमी ठेवा. नोकरी बदलली की पगाराचं खातं मागे पडतं. काही महिने पगार जमा झाला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकीची अट येते. ज्यांच्याकडे शिल्लक राहतच नाही त्यांच्यासाठी ‘मूलभूत बचत खातं’ असतं. ते प्रत्येक बँकेने द्यायलाच हवं. त्यात किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड मोफत, पैसे भरण्यावर मर्यादा नाही आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. अट अशी, त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नको. काउंटरवर हे आपणहून सांगितलं जाईल असं समजू नका. नाव घेऊन मागा. स्टेट बँकेने तर मार्च २०२० मध्ये सगळ्याच बचत खात्यांची किमान शिलकीची अट काढून टाकली.

एटीएमचंही तसंच. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या महानगरांत तीन आणि इतरत्र पाच. त्यानंतर प्रत्येक वेळी, मे २०२५ पासून, २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो, हे मला फार उशिरा कळलं. शिल्लक फोनवर बघा.

कार्डाबद्दलचे काही हक्क रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत दिले. तुम्ही न मागता कार्ड देता येत नाही. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. बाकी चुकती केल्यावर कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये तुम्हाला द्यावे लागतात. तारीख उलटून तीन दिवसांपर्यंत उशिराचं शुल्क लावता येत नाही. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन करून बदनामी, हे तर कधीच नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

यावर मला दोन बाजूंनी दोन आक्षेप येतात. एक म्हणजे, ‘कार्डाला हातच कशाला लावायचा? व्याजाच्या कागदावर सही करणंच चूक.’ ज्यांना असं वाटतं त्यांचा मी मनापासून आदर करते. कार्ड नसणं हा मागासलेपणा नाही. डेबिट कार्ड आणि यूपीआयवर आज व्यवस्थित जगता येतं. दुसरा आक्षेप ऑफिसातल्या मित्रांचा असतो, ‘कार्ड नसेल तर क्रेडिट स्कोअर कसा होणार? उद्या घराचं कर्ज कोण देईल?’ स्कोअर लागतो हे खरं. पण तो कार्ड घेतल्याने वाढत नाही, वेळेवर फेडल्याने वाढतो. उधळून, थकवून, शेवटी ‘सेटलमेंट’ करून माझ्या एका सहकाऱ्याचा स्कोअर असा घसरला की कार्ड नसतं तर बरं झालं असतं. तुमचा अहवाल सिबिलसह चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण मोफत मिळतो. तो पाहा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. माझं मत मधलं आहे. महिन्याअखेर पूर्ण बिल भरण्याइतके पैसे खात्यात आधीच असतील तर कार्ड वापरा, नसतील तर नको. म्हणजे कार्ड पैसे देण्याचं साधन राहील, कर्जाचं होणार नाही.

आणखी एक धोका आहे आणि तो आपल्यातूनच येतो. व्याज नको म्हणणाऱ्या माणसाला ‘हलाल नफा’ म्हणून काहीही विकता येतं. बेंगळुरूची आयएमए २०१९ मध्ये बुडाली तेव्हा त्यात हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्याची पुंजी गेली. लोक लोभी नव्हते, त्यांना स्वच्छ पैसा हवा होता. कागद मागायची सवय मात्र नव्हती. बिनव्याजी बँकिंगचा मार्ग बँकिंग व्यवस्थेत असावा, असं रघुराम राजन समितीने २००८ मध्ये सुचवलं होतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. ती मागणी करणाऱ्यांनी जरूर करावी. पण तोवर आपल्याला याच बँकांत, याच नियमांत राहायचं आहे, तर ते नियम तरी पाठ असू देत.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवलं होतं, तिथे कर्ज सहज मिळत नसे. अब्बांच्या पिढीने बँकेचं बंद दार पाहिलं. आम्ही कार्डवाल्याला मॉलच्या दारात उभा पाहतो. त्यांना कर्ज मिळत नव्हतं, आम्हाला नको इतकं मिळतं. दोन्हीकडे तोटा एकच झाला, बँकेशी बरोबरीने बोलायची सवय लागली नाही.

ती सवय लावता येईल. मोहल्ल्यात दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात. तिथे ट्रॉफीबरोबर अर्धा तास या विषयाला द्या. कुणीतरी बँकेतला भाऊ, बहीण असतेच. बिल कसं वाचायचं, तक्रार कशी लिहायची, मूलभूत खातं कसं मागायचं, एवढंच. बँकेने ग्राहकांसाठीचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत ठेवायचं असतं. शाखेत जाऊन मराठीत मागा. आणि घरात पैशांबद्दल बोला. मी पहिल्या महिन्यात बोलले असते तर पावणेएकोणीस हजार वाचले असते. मी बोलले नाही, कारण मी ‘कमावती’ झाले होते आणि कमावत्या मुलीने घरी अडचण सांगायची नसते असं मला वाटत होतं.

माझं कर्ज कसं फिटलं ते सांगून थांबते. अम्मीची वीस बायकांची भिशी आहे, महिन्याला दोन हजारांची. सगळ्या एकाच गल्लीतल्या, वर्षानुवर्षे ओळखीच्या. तिने त्या महिन्याचा नंबर मागून घेतला. चाळीस हजारांतून कार्डाची बाकी एका फटक्यात चुकती केली, उरलेले घरात ठेवले. मी कार्ड बंद करून घेतलं. आता कार्डाला भरायचे तेच दोन हजार दर महिन्याला अम्मीला देते. कार्डाचे आणखी एकतीस हप्ते लागले असते, इथे अठरा पुरतात.

अब्बांनी त्यांच्या वहीत माझ्या नावाचं पान काढलं आहे. गिऱ्हाइकांच्या पानांसारखंच, माप सोडून. मी घरी गेले की ते चष्मा लावून ते पान उघडतात आणि मला वाचायला सांगतात. घेतले, दिले, राहिले. मागच्या वेळी वाचलं तेव्हा सहा हप्ते राहिले होते.